पापलेट, आखाड आणि आमचं हायवेवरचं हॉटेल : मासळी कुठून घ्यायची?

पांझराकाठ | ६ जुलै, रात्री १०:५०

धुळ्याच्या बाहेर मुंबई-आग्रा हायवेवर आमचं छोटं हॉटेल आहे. बाबांनी सुरू केलं, आता मी आणि धाकटा भाऊ चालवतो. शेवभाजी, मटण आणि कळण्याची भाकर यांवर हॉटेल उभं राहिलं. मासळी आम्ही सहा-सात वर्षांपूर्वी ठेवायला लागलो. सुरतेकडून येणारे आणि नाशिककडे जाणारे लोक मागायचे, मग गावातली कुटुंबंही रविवारी मासे खायला यायला लागली. आज रविवारच्या गल्ल्यात मासळीचा वाटा चांगला आहे, म्हणून हा प्रश्न माझ्यासाठी नुसता विचाराचा नाही, पोटाचाही आहे.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात नेहमीच्या पुरवठादाराकडून पापलेटचं खोकं आलं. थर्माकोलचं झाकण काढलं आणि मला कसंसंच झालं. तळहाताएवढेही नव्हते मासे. किलोला पंधरा-सोळा नग बसत होते. मुलीच्या कंपासपेटीतली फुटपट्टी आणून लावली, तर बहुतेक मासे बारा सेंटीमीटरच्या आत. फोन केला. उत्तर आलं, "ताई, तव्यावर टाकल्यावर कोण मोजतं? आणि माल मुंबईचा, कालच उतरलाय."

कालच उतरलाय, हे जूनच्या तिसऱ्या आठवड्यात. आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यंत्राच्या होड्यांना मासेमारी बंद असते, एवढं मलाही माहीत होतं. म्हणजे एक तर माल चोरून पकडलेला, नाही तर जुना आणि ताजा म्हणून गळ्यात मारलेला. दोन्हींपैकी कुठलाही मला गिऱ्हाइकाच्या ताटात वाढायचा नाही. खोकं परत पाठवलं. पैसे अजून आलेले नाहीत.

त्या रात्री बसून वाचत गेले. सिल्व्हर पापलेटला २०२३ च्या सप्टेंबरात महाराष्ट्राने राज्य मासा म्हणून जाहीर केलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात सरकारने ५४ जातींसाठी किमान आकार ठरवणारा आदेश काढला. पापलेटसाठी १३५ मिलिमीटर आणि बोंबलासाठी १८० मिलिमीटर. १३५ म्हणजे सव्वापाच इंच. माझ्या खोक्यातले मासे त्यातही बसत नव्हते. ज्या माशाचा राज्याने मान केला, त्याची पिल्लं मी समुद्रापासून इतक्या लांब शंभर-सव्वाशे रुपयांची प्लेट करून विकत होते. हे आधीही होत असणार, मी बघितलं नव्हतं इतकंच.

आता निर्णय घ्यायचे आहेत. भावाचं म्हणणं, आपण आठवड्याला वीस-पंचवीस किलो घेणारी माणसं, आपण नाही घेतलं तर शेजारचा ढाबा घेईल आणि समुद्राला पत्ताही लागणार नाही. मला ते पटत नाही, पण त्याला हिशोबात उत्तर देता आलं पाहिजे. माझ्या मनात सध्या एवढं आहे : पापलेट ठरावीक आकाराखाली घ्यायचा नाही, जून-जुलैत ताजी समुद्री मासळी पाटीवरून काढायची, आणि जमेल तेवढे मासे आपल्या धरणांतले घ्यायचे. पण आखाड सुरू आहे. श्रावण लागायच्या आत लोकांना सामिष हवंच असतं, आणि नेमकी तेव्हाच किनारपट्टी बंद. या दोन महिन्यांत मी ताटात काय वाढू?

धंद्यातल्या, किनाऱ्यावरच्या, तापी-गिरणेकाठच्या सगळ्यांनी लिहा. तुमचं म्हणणं भावाला वाचून दाखवणार आहे.

---

जळगाव_जेवण | ६ जुलै, रात्री ११:३५

ताई, तळमळ कळते. माझं पण हॉटेल आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. गिऱ्हाईक मेनूकार्ड उघडतं, पापलेट दिसला नाही की बंद करतं आणि उठतं. मी एक उन्हाळा हे केलंय. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ ला जातो, खोक्यातला बर्फ मनमाडलाच पाणी होतो, तीन खोक्यांतलं एक फेकावं लागायचं. म्हणून समुद्री मासळी बंद केली. दोन महिन्यांत रविवारची अर्धी टेबलं रिकामी. परत सुरू केली.

आकाराचं मात्र मान्य. बारका पापलेट धंद्यालाही वाईटच आहे. काटे जास्त, मांस कमी, आणि गिऱ्हाईक दुसऱ्यांदा मागवत नाही.

---

भुसावळचा_फलाट | ७ जुलै, सकाळी ६:१०

मी भुसावळला मासळीचा किरकोळ आणि थोडा घाऊक धंदा करतो, वडिलांपासून. पहाटे माल उतरवून आत्ताच बसलो.

पहिली गोष्ट. जुलैत मिळणारी सगळीच समुद्री मासळी चोरीची नसते. पूर्व किनाऱ्याची बंदी १५ एप्रिल ते १४ जून असते. म्हणजे जूनच्या मध्यापासून आंध्र, ओडिशा, तामिळनाडूच्या होड्या समुद्रात असतात आणि तिकडचा माल कायदेशीरपणे इकडे येतो. तुमच्या माणसाने "माल विशाखापट्टणमचा आहे, रेल्वेने आलाय" असं सांगितलं असतं तर तेवढ्यापुरतं ठीक होतं. तो मुंबईचं नाव घेतो, कारण आपल्याकडे मुंबईचा म्हटलं की दोन पैसे जास्त मिळतात. म्हणून विचारायचं ते "ताजा आहे का" असं नाही. विचारायचं : कुठल्या बंदराचा, कधी उतरला, मध्ये किती वेळा बर्फ बदलला? या तिन्हीची उत्तरं न अडखळता देणारा माणूस मिळाला तर त्याला धरून ठेवा.

पण तिकडून येणारा माल हजार किलोमीटरहून जास्त प्रवास करतो. माशाइतकाच बर्फ, म्हणजे किलोला किलो, हे माप पाळलं नाही तर आपल्याकडे पोचेपर्यंत गालफडं करडी पडतात. बर्फ आणि भाडं धरलं की जुलैतला पापलेट हॉटेलला परवडतच नाही. परवडतोय असं दिसलं, तर समजा की कुठेतरी काहीतरी कापलेलं आहे : आकार तरी, नाही तर दिवस तरी.

दुसरं, कापलेल्या तुकड्या घेऊ नका. सुरमईच्या नावाने काय काय येतं ते मी पाहिलंय. बासा पांढरा, बिनकाट्याचा. मसाल्यात घोळला की कोणालाच कळत नाही. बासा खाण्यात वाईट काही नाही, पण तो तळ्यातला मासा आहे, त्याला सुरमईचं नाव आणि सुरमईचा भाव कशाला? अख्खा मासा घ्या, तुमच्यासमोर कापून घ्या.

---

सातपाटीकर | ७ जुलै, दुपारी १:२०

मी पालघरचा, सातपाटीचा. घरची होडी आहे. सध्या किनाऱ्यावर ओढलेली आहे, जाळी दुरुस्त करत बसलोय. धाग्याचा दुवा धुळ्याच्या मित्राने पाठवला.

ताईंनी खोकं परत पाठवलं हे वाचून खूप बरं वाटलं. आमच्याकडे लोक म्हणतात, मच्छीमारच बारका मासा पकडतो मग बोंब कशाला. मी सांगतो कसं होतं ते. पापलेट आमच्या गावाचा मासा. मोठ्या आसाच्या, म्हणजे मोठ्या भोकांच्या जाळ्यात बारका मासा निघून जातो, अडकतो तो मोठा. पण बारीक आसाचं जाळं घेऊन कोणी आलं की पिल्लं तिथेच संपतात, आणि पुढच्या मोसमात आमच्या मोठ्या आसात काहीच लागत नाही. त्या पिल्लांना कोण घेतं? मुंबईतलं चांगलं गिऱ्हाईक घेत नाही, त्याला मोठा मासा माहीत आहे. ती जातात आतल्या जिल्ह्यांत, जिथे लोकांनी मोठा पापलेट फारसा पाहिलेलाच नसतो. राग मानू नका, पण बारक्या पापलेटची बाजारपेठ तुमच्याकडे आहे. म्हणून तुमच्या भावाला सांगा, वीस किलो म्हणजे थोडं नव्हे. किलोला पंधरा धरले तर आठवड्याला तीनशे पिल्लं होतात.

२०१९ साली महाराष्ट्राची समुद्री मासळी २ लाख टनांच्या आसपास आली होती, ४५ वर्षांतली सगळ्यात कमी. त्या वर्षी क्यार आणि महा ही वादळं होती, समुद्र किती दिवस बंद होता. पण वादळ हे एकच कारण नव्हतं, हे किनाऱ्यावरचा प्रत्येक जण जाणतो.

नारळी पौर्णिमेनंतर आमच्या होड्या खऱ्या अर्थाने लागतात. १ ऑगस्टला बंदी उठते, पण समुद्र शांत नसतो. तेव्हा पहिल्या आठवड्यात मालाची घाई करू नका.

---

हिशोबनीस | ७ जुलै, संध्याकाळी ७:०५

भावासाठी हिशोब. पापलेटच्या प्लेटवर फायदा किती राहतो ते किलोवर काढू नका, ताटावर काढा. तळलेल्या बारक्या पापलेटची प्लेट स्वस्त, गिऱ्हाईक एकटी प्लेट घेतं आणि वर भाकर-रस्सा मागत नाही. मोठा मासा दोघा-तिघांत जातो, सोबत थाळी जाते. शिवाय परत आलेलं आणि फेकलेलं वेगळं लिहून ठेवा. तीन महिन्यांची वही ठेवली की भाऊ स्वतःच बोलेल.

---

शिरगाव_बॅच | ७ जुलै, रात्री ९:४०

मी शहाद्याजवळची, रत्नागिरीच्या शिरगाव मत्स्य महाविद्यालयात शिकते. वर बरंच चांगलं लिहून झालंय, मी धरणांबद्दल लिहिते. तिथे माझा जीव अडकतो, आणि "स्थानिक म्हणजे आपोआप चांगलं" असं धरून चालता येणार नाही म्हणूनही.

आपल्या धरणांत मुख्यतः रोहू, कटला, मृगळ. मत्स्यबोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, पावसाळ्यात सोडतात, सहकारी संस्था ठेक्याने मासेमारी करतात. नैसर्गिक मासे म्हणजे मरळ, वाम, शिंगाडा. आता जून-जुलै हाच गोड्या पाण्यातल्या माशांच्याही विणीचा काळ. पहिल्या पावसात नदीला लाल पाणी आलं की मासे ओढ्या-नाल्यांतून वर चढतात, पोटात गाभोळी घेऊन. या चढणीच्या माशांना लोक बंधाऱ्यावर, पुलाखाली अडवून पाटीने धरतात. चव चांगली, म्हणून भावही चांगला. एका मादीबरोबर हजारो अंडी जातात. तेव्हा ताई, पापलेट काढून त्याजागी जुलैत गाभोळीचा नदीचा मासा लावला, तर समुद्राचा भार आपण तापीवर टाकला एवढंच होईल.

धरणाचा मासा ऑक्टोबरपासून मेपर्यंत घ्या. घेताना विचारा की जाळ्याने धरलाय की करंट लावून. करंटने किंवा जिलेटिन उडवून मारलेल्या माशाबरोबर डोहातलं सगळंच मरतं, आणि असा मासा आतून फुटलेला असतो. कणा मोडलेला, रक्त साकळलेलं दिसतं.

जून-जुलैसाठी शेततळ्यातला रोहू-कटला हा सरळ पर्याय. तळ्यातला मासा शेतकरी आपल्या सोयीने काढतो, त्याने नदीतली वीण बिघडत नाही. आंध्रचाही रोहू बर्फात येतो, पण इथलं तळं असेल तर तुम्ही जाऊन डोळ्यांनी पाहू शकता, त्याला काय खायला घालतात ते विचारू शकता.

एक मात्र कुणी स्वस्तात देऊ केलं तरी घेऊ नका, ते म्हणजे थाई मांगूर. तो मूळचा आफ्रिकी मासा. भारतात २००० साली त्यावर बंदी आली आणि २०१९ ला राष्ट्रीय हरित लवादाने पुन्हा बजावलं. कत्तलखान्याच्या कचऱ्यावर वाढवतात, आणि पुरात तळ्यातून सुटला की नदीतले देशी मासे खाऊन टाकतो. देशी मागूर वेगळा, तो लहान असतो आणि आता क्वचितच दिसतो.

---

तापीवरचा_भोई | ७ जुलै, रात्री १०:२५

ताईसाहेब (शिरगाववाल्या), बरोबर लिहिलंत. आमच्या घरात तीन पिढ्यांचं जाळं आहे. मन्हा आजा तापीमा जाळं टाके, पण चढणीना मासा धरे नही. म्हणे, ती माय से, तिले जाऊ दे. आते तसं काही नही ऱ्हायनं.

तापीवरच्या हतनूर धरणात गाळ साचलाय. ४१ दरवाजे उघडले की पुराच्या पाण्याबरोबर सोडलेली बोटुकलीही खाली जाते. संस्थेचे पैसे पाण्यात. तरी आम्ही मासा काढतो, आणि व्यापारी धरणावर येऊन तो सांगेल त्या भावाने घेऊन जातो, कारण आमच्याकडे बर्फ नाही. हॉटेलवाल्यांनी ठरलेला वार, ठरलेलं वजन आणि ठरलेला भाव दिला तर आम्ही बारका मासा काढणारच नाही. काढावा लागतो तो रोजच्या खर्चासाठी. हे मात्र नक्की लिहून घ्या.

---

पांझराकाठ | ७ जुलै, रात्री ११:१५

भोईदादा, लिहून घेतलं. ऑक्टोबरपासून दर गुरुवारी आणि शनिवारी. वजन भावाशी बोलून सांगते. मोठे बर्फाचे खोके आमच्याकडे रिकामे पडून असतात, ते तुमच्याकडे ठेवू का? आमची गाडी भुसावळला किराण्याला येतेच.

सातपाटीकर दादा, "बारक्या पापलेटची बाजारपेठ तुमच्याकडे आहे" हे वाक्य भावाला वाचून दाखवलं. तो बराच वेळ गप्प होता.

---

नवापूरवाला | ८ जुलै, सकाळी ८:३०

नवापूरचा पोल्ट्रीवाला. माल कुठून आला हे विचारण्याचं महत्त्व आम्हाला कुणी शिकवायला नको. फेब्रुवारी २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू आमच्या गावात सापडला. लाखो कोंबड्या मारल्या. ज्यांच्या शेडमध्ये रोग नव्हता त्यांचाही माल कोणी घेईना, कारण कुठली कोंबडी कुठल्या शेडची हे कुणालाच दाखवता येत नव्हतं. नोंद ठेवणारा थोडा लवकर उभा राहिला. मासळीत एकदा असं काही झालं तर, पुरवठादाराची चिठ्ठी जपून ठेवणारं हॉटेलच टिकेल.

दुसरं, आम्ही पण यातले आहोत. कोंबडीच्या खाद्यात फिशमील असतं. समुद्रातली जी बारीक मासळी कुणी खात नाही ती सुकवून दळली जाते, आणि तिच्यात मोठ्या जातींची पिल्लंही असतात. मी आमच्या खाद्यवाल्याला विचारलं की तुझं फिशमील कशाचं? त्याने विचारून सांगतो म्हटलं, त्याला महिना झाला. मी सोयाबीन जास्त असलेलं खाद्य लावून पाहतोय, अंड्याचा फरक लिहून ठेवतोय.

तुम्हाला उकाईचा मासा हवा असेल तर सांगा. धरण गुजरातेत, १९७२ चं, पण फुगवटा आमच्या तालुक्यापर्यंत येतो. तिथून धुळ्याला दोन-अडीच तासांत गाडी पोचते, बर्फ वितळायच्या आत.

---

अक्राणीचा_मास्तर | ८ जुलै, दुपारी ३:५०

उकाईचं निघालं म्हणून लिहितो. धडगाव भागात नर्मदेच्या काठाची, सरदार सरोवरात बुडालेल्या गावांची माणसं आता त्याच पाण्यावर मासेमारी करतात. महाराष्ट्रातली ३३ गावं त्या धरणाच्या पाण्यात आली. ज्यांची शेतं पाण्याखाली गेली, त्यांचा त्या पाण्यातल्या माशांवर पहिला हक्क आहे, असं मला वाटतं. पण त्यांचा मासा बाजारापर्यंत पोचायला होडी, डोंगराची वाट आणि मग जीप. बर्फ नाही. त्यामुळे बरीच मासळी सुकवतात. कुणी हॉटेलवाल्याने सुकवलेला घेतला तर वाहतुकीचा प्रश्नच राहत नाही. चांगल्या भावाने घ्या, एवढीच विनंती.

---

बाजाराची_लेक | ८ जुलै, रात्री ९:००

मास्तरांनी सुकवलेल्या मासळीचा विषय काढला, म्हणून धीर करून लिहिते. माझी आई तीस वर्षं आठवडे बाजारात सुकट, बोंबील, सोडे विकते. सोमवार एका गावी, बुधवार दुसऱ्या, शनिवार तिसऱ्या.

ताई, जून-जुलैत काय वाढू असं तुम्ही विचारलंत. आपल्याकडे याचं उत्तर घरोघरी होतं. खान्देशात समुद्र नाही, फ्रीज नव्हता, तरी पावसाळ्यात घरात मासळीचा वास यायचाच. मेमध्ये सुकट आणि बोंबील भरून ठेवायचे. वांगं-सुकट, सुकटीची चटणी, बोंबील भाजून कुस्करून कच्च्या कांद्याबरोबर, काळ्या मसाल्यातला बोंबलाचा रस्सा आणि बाजरीची किंवा कळण्याची भाकर. पावसाळ्याचं जेवणच ते. बंदी येण्याआधी कित्येक पिढ्या कोकणातल्या कोळणींनी उन्हात सुकवून ठेवायचं आणि आपण पावसात खायचं असं चाललेलं होतं. हॉटेलांनीच ते कमीपणाचं ठरवलं आणि तळलेला पापलेट मोठेपणाचा.

निवडायला आईने मला शिकवलं ते सांगते. बांबूच्या वलांडीवर टांगून सुकवलेला बोंबील सरळ, सोनेरी-पांढरा आणि स्वच्छ असतो. वाळूवर टाकून सुकवलेल्याला कचकच लागते. जवळा ही कोळंबीसारखीच पण जातच बारीक, ती पूर्ण वाढलेलीही तेवढीच असते, तेव्हा ती बारीक म्हणून घाबरू नका. पण "मिक्स सुकट" म्हणून जे येतं त्यात चिमूटभर मांदेली, चिमूटभर पापलेटची पिल्लं, खेकड्याचे तुकडे असं सगळं असतं. आई ते घेत नाही. तिला आकाराचा आदेश माहीत नाही, पण ती म्हणते, "पोर खाऊ नये." तिचं गिऱ्हाईक यामुळे कमी झालेलं मी पाहिलेलं नाही.

---

काळा_मसाला | ८ जुलै, रात्री ९:४५

वाचता वाचता तोंडाला पाणी सुटलं. माझी आजी बोंबील गरम पाण्यात फक्त दोन मिनिटं ठेवायची, जास्त ठेवले तर विरघळतात. मग लसूण, खोबरं-कांदा भाजून वाटण. हॉटेलात हे मिळालं तर जळगावहून येईन.

---

जळगाव_जेवण | ८ जुलै, रात्री १०:३०

हे आपल्याला सुचलंच नाही, याचं खरंच वाईट वाटतंय. माझ्या हॉटेलात आचारी आजही स्वतःच्या जेवणाला सुकट आणतो आणि आम्ही मागच्या दाराला बसून खातो. पुढच्या दाराला ते ठेवावंसं कधी वाटलं नाही.

पण कोळंबीचं काय? आमच्याकडे कोळंबी बिर्याणी खूप जाते, ती बारा महिने गोठवलेली मिळते.

---

शिरगाव_बॅच | ८ जुलै, रात्री ११:२०

गोठवलेली म्हणजे बहुतेक वेळा शेतीतली व्हॅनामी कोळंबी. भारतात तिची परवानगीने शेती २००९ पासून सुरू झाली, सगळ्यात जास्त आंध्रात. समुद्राच्या बंदीशी तिचा संबंध नाही, त्यामुळे आखाडात चालेल. विचारायच्या गोष्टी दोन. एक, प्रतिजैविकं. क्लोरॅमफेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान मत्स्यशेतीत वापरायला बंदी आहे. निर्यातीच्या मालाची तपासणी होते, तेव्हा निर्यात करणाऱ्या कारखान्याचंच देशांतर्गत पॅकिंग मिळालं तर बरं, त्यावर कारखान्याचा नोंदणी क्रमांक असतो. दोन, तळी कुठे खोदली आहेत. खाडीकाठची तिवरांची झाडं तोडून केलेली कोळंबी मला तरी घशाखाली उतरणार नाही. तिवरांत माशांची पिल्लं वाढतात, ती गेली की शेजारच्या खाडीतला मच्छीमार बसला.

समुद्रातल्या कोळंबीचा वेगळाच प्रश्न आहे. ट्रॉलच्या जाळ्यात कासवं अडकतात. जाळ्यातून कासव निसटायची खिडकी नसल्याच्या कारणावरून अमेरिकेने २०१९ पासून आपली समुद्रातली कोळंबी घेणं थांबवलं. नुकसान झालं ते सगळ्या किनाऱ्याचं, ज्यांनी कधी कासव मारलं नाही त्यांचंही.

---

भुसावळचा_फलाट | ९ जुलै, सकाळी ६:३०

कोळंबीत अजून एक बघा, वर बर्फाचा थर. सुकू नये म्हणून थोडा लागतोच, पण काही जण वजन वाढवायला चढवतात. एक पाकीट वितळवून, पाणी निथळून वजन करा. मी मागच्या महिन्यात किलोचं पाकीट केलं, ७२० ग्रॅम भरलं. तो भाव खऱ्या किलोवर काढला तर चांगली कोळंबी त्यापेक्षा स्वस्त पडत होती.

आणि सातपाटीकर दादा, एक विचारायचं होतं. पापलेटऐवजी बांगडा-तारली सुचवू का लोकांना? लवकर वाढणारे मासे आहेत.

---

सातपाटीकर | ९ जुलै, दुपारी १२:४५

सुचवा, पण तेही विचारून. बांगडा-तारलीचे थवे पर्ससीनच्या जाळ्यात एका वेढ्यात उचलले जातात. पर्ससीनवर राज्याने २०१६ मध्ये निर्बंध घातले, आणि एलईडी दिवे लावून मासा गोळा करण्यावर केंद्राने २०१७ मध्ये बंदी घातली. तरी रात्री समुद्रात दिव्यांचं गाव दिसतं. दलालाला विचाराल तेव्हा "एलईडीचा आहे का" असं सरळ विचारा. तो नाहीच म्हणेल. पण दहा हॉटेलवाल्यांनी विचारलं तर तो आमच्यासारख्यांकडे माल मागायला येईल, आणि आम्हाला तेवढंच पाहिजे.

बांगडा ऑक्टोबर-नोव्हेंबरात घ्या, तेव्हा चरबी चांगली असते. ओला बोंबील धुळ्याला नेऊ नका, त्यात पाणीच इतकं की वाटेत लगदा होतो. त्याला सुकवलेलाच न्याय आहे.

---

पांझराकाठ | १४ जुलै, रात्री ११:००

आठवडाभर गायब होते कारण करून बघत होते.

पाटी बदलली. वर लिहिलं : "समुद्रात सध्या विणीचा हंगाम. ताजी समुद्री मासळी ऑगस्टमध्ये." खाली वांगं-सुकट, बोंबील रस्सा, सुकटीची चटणी आणि शेततळ्यातला रोहू. शिरपूरकडच्या एका शेतकऱ्याचं तळं भाऊ स्वतः बघून आला, पेंड आणि भाताचा कोंडा घालतात, बाजूला केळी आहे. बाजाराची लेक, तुझ्या आईकडून बोंबील घेतले. त्यांनी प्रत्येक बोंबील हातात घेऊन निवडून दिला, मला अर्धा तास उभं केलं.

पहिल्या शनिवारी चार टेबलं उठून गेली. खरं सांगते, पोटात गोळा आला. एक गृहस्थ म्हणाले, मासे नाहीत तर बोर्डावर मासे कशाला. रविवारी दुपारी सुरतेहून एक मोठं कुटुंब आलं, मूळचं अमळनेरचं. त्यांच्यातल्या आजींनी बोंबलाचा रस्सा मागवला, मग सगळ्यांनी मागवला, शेवटी आजींनी आत येऊन वाटणात तीळ घालता का विचारलं. घालत नव्हतो. आता घालतो.

हिशोबनीस, वही सुरू केली. आठवड्याचा मासळीचा गल्ला नेहमीपेक्षा साधारण पाव हिश्शाने कमी, पण खर्च त्याहून जास्त कमी, कारण एकही खोकं फेकलं नाही. एका आठवड्यावरून काही ठरत नाही, हे मलाही कळतं.

---

हिशोबनीस | १५ जुलै, सकाळी १०:१५

फेकलेलं शून्य हा आकडा लाल पेनाने लिहा. वाहतूक आणि बर्फाचा रकाना वेगळा करा. शीतवाहन घ्यायचं मनात आलं तर प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत सर्वसाधारण गटाला ४० टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के साहाय्य आहे. अर्ज तुमच्या नावाने करा, भावाच्या नको. आणि भोईदादांच्या संस्थेनेही बर्फाच्या सोयीसाठी जिल्हा मत्स्य कार्यालयात जाऊन यावं.

---

तापीवरचा_भोई | १५ जुलै, रात्री ८:५०

गेलो होतो. कागद मागितलेत, गोळा करतोय. ताईंनी पाठवलेले तीन खोके पोचले.

---

पांझराकाठ | ३ ऑगस्ट, रात्री १०:२०

बंदी उठली. १ तारखेला सकाळीच जुन्या पुरवठादाराचा फोन आला, पापलेट पाठवू का म्हणून. मी म्हटलं, दोनशे ग्रॅमच्या खालचा नको, किलोला पाचपेक्षा जास्त नग भरले तर खोकं परत. भाव सांगितला, जवळपास दुपटीने. नको म्हटलं. भुसावळच्या दादांनी एका माणसाचा नंबर दिलाय, तो बंदराचं नाव आणि उतरल्याची तारीख चिठ्ठीवर लिहून देतो. पण सातपाटीकर दादांचं ऐकून नारळी पौर्णिमेपर्यंत थांबते.

पापलेट आता फक्त शनिवार-रविवार, अख्खा, दोघांसाठी एक, आणि भाव त्या दिवशीचा. संपला की संपला. सुकटीची चटणी मात्र बारा महिने राहणार, भावानेच सांगितलं. फुटपट्टी स्वयंपाकघरात खिळ्याला टांगली आहे, १३५ वर लाल खूण करून. मुलीसाठी नवी आणली.

बाजाराची लेक, आईला विचार, ऑगस्टमध्ये नवा माल येईपर्यंत पाच किलो बोंबील आहेत का? नसतील तर अक्राणीच्या मास्तरांकडून सुकवलेला मासा मागवते. मास्तर, भाव तुम्ही सांगा.

---

बाजाराची_लेक | ३ ऑगस्ट, रात्री १०:४५

तीन किलो आहेत. बुधवारी बाजारात देते म्हणाली. बाकीचे मास्तरांकडून घ्या, तिला आनंदच होईल.